जोडीदाराला कळलं नाही

लिफ्ट दुरुस्तीच्या कामात पहिला नियम एकच. वर मशीनरूममधला मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि मगच दुसऱ्याने लिफ्टच्या टपावर चढायचं. माझा जोडीदार मिस्त्री हा नियम देवासारखा पाळायचा. एकोणीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. तो वरून ओरडायचा, "बंद!" आणि मी डोळे मिटून टपावर पाय ठेवायचो.

त्या मंगळवारी सकाळीही तो ओरडला, "बंद!"

मी टपावर चढलो, पान्याने दोन बोल्ट सैल केले आणि पायाखालची लिफ्ट वर निघाली.

टपावरचं लाल बटण कसं दाबलं ते आजही आठवत नाही. माझं डोकं वरच्या स्लॅबपासून हातभर अंतरावर असताना लिफ्ट थांबली. दरवाजा ढकलून बाहेर आलो. मशीनरूमपर्यंत जिने चढताना तोंडात शिव्यांची लाखोली तयार होती. दार उघडलं आणि सगळ्या शिव्या विसरलो.

मिस्त्री फरशीवर बसला होता. समोर स्विच, चालू. कुलूप त्याच्या हातात.

"मी पाडला होता ना?" तो म्हणाला. "मला वाटलं, पाडला."

असा चुकणारा माणूस नव्हता हो हा! सगळ्या सोसायट्यांमध्ये त्याला 'हसरा मिस्त्री' म्हणायचे. लिफ्टमध्ये अडकलेल्या आजीबाईंना बाहेरून विनोद सांगायचा. "आजी, घाबरू नका, भाडं लावत नाही आम्ही!" त्याला काही दुखत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"झोप जाऊन? चार महिने." मग तो रडायला लागला. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी.

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, फोन केला. त्याही हबकल्या. घरात तो कमी बोलायचा, जेवण टाकायचा, रोज थोडी प्यायचा. त्या समजत होत्या, कामाचा शीण असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टरबाई वयाने आमच्याहून लहान, बोलायला शांत. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

"हो," मिस्त्री म्हणाला. चहा घेणार का विचारल्यावर म्हणावं तसं. "दोनदा गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलो होतो."

वहिनींच्या हातातली पर्स खाली पडली. ती उचलायचं भान कुणालाच नव्हतं. आमचं कामच गच्चीवरचं. त्या दोन्ही वेळा मी तिथेच, भिंतीच्या पलीकडे असणार. डबा खात असणार!

नैराश्य आहे, बरं होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बोलायला यायचं ठरलं. गच्चीचं काम काही महिने बंद, एकटं सोडायचं नाही. त्याशिवाय दारू पूर्ण बंद, दुपारी चारनंतर चहा नाही, उठायची आणि झोपायची वेळ ठरलेली, आणि रोज सकाळी चाळीस मिनिटं चालणं.

चालायला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिले पंधरा दिवस ओढून न्यावं लागलं. "पाय शिशाचे झालेत रे," म्हणायचा. दीड महिन्याने तो माझ्या पुढे चालायला लागला. पाच महिन्यांनी तर मीच धापा टाकत मागे. रंग परतला, झोप परतली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आमचं घर वाचवलंत." मी फुगलो.

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. एका सकाळी मीच म्हणालो, "आता कशाला त्या गोळ्या गिळतोस? धडधाकट झालास की! चालणं हेच औषध."

तो पुढे चालत राहिला. मी विसरून गेलो.

सहा आठवड्यांनी वहिनींचा फोन. "तीन दिवस उठत नाहीयेत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. आणि कपाटात गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली. भाऊजी, हे म्हणतात, तुम्ही सांगितलंत!"

लिफ्ट पायाखालून हलली तेव्हाही इतका हादरलो नव्हतो.

दवाखान्यात मीच आधी कबूल केलं. वाटलं, बाई आता सालटी काढणार. त्या एवढंच म्हणाल्या, "चालल्याने फायदा झालाच आहे, ते सोडायचं नाही. पण चालायला उठायची ताकद गोळ्यांनी दिली होती. गोळी कमी करायची वेळ येईल तेव्हा मी सांगेन, आणि हळूहळू करू. मनाने बंद करायची नाही. त्यांच्याही नाही, तुमच्याही नाही."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझा काय दोष? मला तेच ऐकायचं होतं."

सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शिशाचे पाय, पुन्हा ओढणं. या वेळी सावरायला आठ महिने लागले. आता तो कामावर आहे. डबा उघडायच्या आधी चारचौघांत गोळी घेतो. डॉक्टरबाईंनी डोस एकदा कमी केलाय. मी मात्र अजून पुरता सावरलेलो नाही. तो मोठ्याने हसला की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघतो.

परवा वहिनी जिन्यात भेटल्या. डोळे लाल.

"काय झालं?"

"भांडले हो माझ्याशी! पडद्याच्या रंगावरून. चांगला अर्धा तास!" आणि पदराने डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. "दोन वर्षांत कशालाच नाही म्हटलं नव्हतं त्यांनी."