मनोहरशेठची मूठ

मनोहरशेठच्या किराणा दुकानात लहान मूल शिरलं, की त्यांचा उजवा हात आपोआप भाजलेल्या शेंगदाण्यांच्या बरणीत जायचा. मूल कुणाचं आहे, काय घ्यायला आलंय, ही चौकशी नंतर. आधी तळहातावर मूठभर दाणे. "माह्या दुकानातून लेकरू रिकाम्या हातानं जात नाई," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. रीत त्यांच्या वडिलांपासूनची. तिच्यापायी सेलूतली पोरं काडेपेटी आणायलासुद्धा एकमेकांशी भांडून पुढे व्हायची.

बदली होऊन मी सेलूला आले आणि पहिल्यांदाच त्या दुकानात गेले, तेव्हा रेणू माझं बोट धरून होती. शाळेत नुकतंच नाव घातलेलं. मी साखर सांगत होते, तेवढ्यात तिच्या हातावर दाणे पडले. मी ते झडप घालून उडवले आणि बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं. तराजूतली डाळ तशीच ठेवून शेठ बाहेर आले.

"बाई, दाणे हायेत ते. विष नाई."

"हिला विषच आहे," मी म्हणाले. रेणूला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, दाणा पोटात गेला तर ओठ सुजतात, श्वास अडकतो, हे मी भर दुकानात समजावून सांगितलं. शेठनी ते शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "आमच्याकडं लेकरं दाण्यावरच मोठे होतात. दाण्यानं कोणाले काय होते?"

दैव असं, की आम्ही भाड्यानं घेतलेलं घर नेमकं त्यांच्या शेजारचं निघालं. चतुर्थीला त्यांच्या बायकोनं, कमलकाकूंनी, कुंपणावरून साबुदाण्याच्या उसळीची वाटी पुढे केली. वर दाण्याचा कूट असा, की साबुदाणा शोधावा लागावा. मी हात जोडून नाही म्हणाले. मागून शेठचा आवाज आला, "अवं, उपासाचं हाय ते! देवाले चालते, तं पोरीले काऊन नाई चालत?" देवाला ॲलर्जी होत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पण रेणू दुकानातून रिकाम्या हातानं परत जाते, हे मात्र त्यांना सहन होईना. त्यांनी तोडगा काढला. नवी कोरी बरणी आणली, तिच्यात फुटाणे भरले आणि जाहीर केलं, "ही रेणूची. याच्यात कोणी हात घालायचा नाई." हरभरा तिला घरी चालायचाच, म्हणून मीही खूश झाले. रेणूनं दुकानाच्या पायरीवर बसून मूठभर फुटाणे खाल्ले आणि थोड्याच वेळात तिचे ओठ सुजायला लागले. मग खोकला, मग घरघर.

शेठनी माल आणायची गाडी काढली. आम्ही दोघी तेलाच्या पिंपांमध्ये बसलो आणि गाडी सेवाग्रामच्या दिशेनं सुटली. वाटभर ते मागे वळून ओरडत होते, "म्याडम, फुटाणेच होते वं! देवाशप्पथ फुटाणेच होते!" मी त्यांना समोर बघायला सांगत होते.

दवाखान्यात इंजेक्शन मिळालं आणि रेणूचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी सहज विचारलं, फुटाणे भाजले कुठे? शेठनी भट्टीवाल्याचं नाव अभिमानानं सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"रेती एकच हाय," ते म्हणाले. "तो ज्या रेतीत दाणे भाजते, त्याच रेतीत फुटाणे भाजते. जनम गेला माहा त्या भट्टीसमोर. मले मालूम होतं, म्याडम. पण रेतीकडं कोण पाह्यते?" एवढा जाडजूड माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मला त्यांचा रागही आला आणि त्यांना जवळ घेऊन थोपटावंसंही वाटलं.

तेव्हापासून शेठ बदलले आणि सेलूकरांच्या जिवाला घोर लागला. दाण्यांची बरणी दुकानातून गेली, तिच्या जागी खडीसाखर आली. चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन ते चॉकलेटच्या कागदावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "याच्यात दाणा नाई, पण जिथं बनलं तिथं दाणा फिरून राह्यला. परत ने!" मारुतीच्या महाप्रसादाला वाढप्यानं कूट घातलेल्या वांग्याच्या भाजीतला डाव वरणात घातला, तर त्यांनी भर पंगत थांबवली. "डाव एकच हाय! मंग वरण वेगळं कसं?" लोक पानावर ताटकळले. रेणूसाठी दुसरं वरण शिजलं.

रेणूचे गाल ओढायची सवय सुटेना आणि दाण्याचा हात तिला लागायला नको, म्हणून त्यांनी स्वतः दाणा सोडला. चतुर्थीला केळी खात कुरकुरायचे, "तुमच्या पोरीनं माहा उपास खरा केला." रेणूही कुठे काही खाण्याआधी माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघायची. ते वास घेत, आचाऱ्याची उलटतपासणी करत, थोडं चाखत आणि मग मान डोलावत म्हणत, "चालते." मग ती खायची.

गेल्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं, ते परत उठले नाहीत. तेरवीला मी रेणूला घेऊन गेले, नेहमीसारखा तिचा डबा पिशवीत घेऊन. पंगतीत एक म्हातारे कुरकुरत होते, "शेठच्या घरची आलू-वांग्याची भाजी, अन् कूट नाई? चवच नाई हिले."

कमलकाकूंची नजर माझ्या डब्यावर गेली. "तो डबा काऊन आणला? घरात दाणा नाई. भांडे नवे हायेत, तेल वेगळं हाय." मी कारण विचारलं. मग त्यांनी दहाव्याची हकीकत सांगितली. नदीवर पिंड ठेवला, पण कावळा काही केल्या शिवेना. नातवंडांना शिकवायचं झालं, दुकान चालवायचं झालं, सगळी वचनं देऊन झाली. उभं राहून माणसं कावली. शेवटी थोरल्या मुलानं हात जोडले, "बाबा, तेरवीत दाणा येणार नाई. रेणू उपाशी जाणार नाई."

"अन् तवा शिवला पाहा कावळा," काकू म्हणाल्या. "मेल्यावरही बुढा आचाऱ्यावर नजर ठेवून होता." हे ऐकून आसपासची माणसं तेरवीतही हसली. काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून.

रेणूच्या पानात वडा पडला. तो हातात धरून तिनं सवयीनं शेठच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे हार घातलेला फोटो होता. "खा, चालतं," मी म्हणाले. तिनं माझं ऐकलं नाही. वड्याचा वास घेतला, वाढप्याला तेल कोणतं ते विचारलं, मग शेठसारखीच मान डोलावून म्हणाली, "चालते." आणि खायला लागली.

मी डबा पिशवीत टाकला आणि मला रडू कोसळलं.