मेना गेला लग्नाला

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. महाराष्ट्र राज्य नवीन होतं आणि मीही नवाच फौजदार होतो, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात. आमच्या हद्दीत नदीकाठी एक जुना राजवाडा होता. सरकारने त्याचं संग्रहालय केलं होतं. बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की खेड्यातली माणसं रिकाम्या टोपल्या बगलेत मारून तिथल्या तलवारी आणि झुंबरं बघत हिंडायची.

एका सकाळी संग्रहालयाचे प्रमुख घाबरेघुबरे होऊन ठाण्यात आले. राण्यांचा मेना, म्हणजे लाल पडद्यांची बंद पालखी, चोरीला गेला होता. दुसऱ्याच दिवशी कलेक्टरसाहेब पाहणीला येणार होते. फिर्याद लिहून घेऊन मी आणि जमादार पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत होतं. नदीकडच्या पायऱ्यांवर अनवाणी पावलांचा चिखल होता. दाराची किल्ली एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे असायची. त्याला ठाण्यात आणून बसवलं.

मी आधी समजावलं, मग दरडावलं. नोकरी जाईल, खटला होईल, हेही सांगितलं. तो खाली बघत एवढंच म्हणाला, "मेना सांजेपावतर येते साहेब. तवर मले काही इचारू नका."

"काऊन?" जमादार खेकसले.

"सांगतलं त तुमी आत्ताच जासान."

चोर असा बोलत नाही, हे मला खटकत होतं. तेवढ्यात जानेफळच्या बाजाराला निघालेली एक भाजीवाली ठाण्यासमोर थांबली. चोरीची बातमी तोवर गावभर झाली होती. ती म्हणाली, "साहेब, लाल पडद्याचं काहीतरी नदीतून जाऊन राह्यलं होतं. मले वाटलं नाटकवाल्याचं सामान असन. समोरच्या गावाकडं गेलं."

पहारेकऱ्याने डोळे मिटून घेतले.

पहारेकऱ्याला सोबत घेऊन आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. गावाच्या तोंडालाच मांडव होता, सनई वाजत होती आणि मांडवाच्या कडेला आमचा मुद्देमाल दिमाखात उभा होता. खाकी दिसताच सनई थांबली. पाटावर नवरी बसली होती, एक पाय प्लास्टरमध्ये, पुढे लांब केलेला. विहिरीच्या पायरीवरून पडून तो मोडला होता. नवरी आमच्या काठची, लग्न मात्र नवरदेवाच्या गावी. नदीतल्या दगडगोट्यांतून बैलगाडीचे हिसके तिला सोसले नसते आणि मुहूर्त पुढे ढकलायला कोणी तयार नव्हतं. पहारेकरी तिचा सख्खा मामा.

ती घाबरली होती, पण बोलली नीट. "साहेब, मेना म्या मांगला. मामाले धरू नका. मले घेऊन चाला, पण अगुदर लगन लागू द्या."

नवरदेव उठून तिच्याशेजारी उभा राहिला. "मग मीबी येतो संगं," तो म्हणाला.

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी टोपी काढून बगलेत घेतली आणि सनईवाल्याला म्हटलं, "वाजव." जमादारांनी तर अक्षतांसाठी हात आधीच पुढे केला होता.

जेवणं झाल्यावर वरात मेन्यासकट राजवाड्याकडे निघाली. एक खांदा नवरदेवाचा होता. प्रमुखांनी मेना चारही बाजूंनी तपासला. पडद्यावर हळदीचा डाग सोडला तर काही बिघडलं नव्हतं. मग त्यांनी नवरीला विचारलं, "बसायला कसा वाटला?"

"झुल्यावानी," ती म्हणाली.

"मी इतकी वर्षं याची धूळ पुसतो. यात बसलेलं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं," ते म्हणाले, आणि तक्रार नसल्याचा जबाब त्यांनी स्वतःहून लिहून दिला. मामाला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. निघताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वर उठवून आधी भाचीकडे पाठवलं.

ठाण्यात माणूस गप्प बसला की आम्ही धरून चालतो, हा गुन्हा लपवतोय. कधी कधी तो कुणाचं तरी शुभकार्य पार पडू देत असतो. पुढे नोकरीभर मी गप्प माणसावर आवाज चढवण्याआधी त्याच्यासाठी चहा मागवायचो. बरीचशी माणसं चहा संपायच्या आत बोलू लागायची.