अक्षरं बारीक झाली

कंपनीतले लोक तिला डॉक्टरीण म्हणत, कारण जागेवरून न उठता ती दूरदूरच्या लोकांचे बिघडलेले संगणक बरे करायची. नोकरीला नावं ठेवायला जागा नव्हती. पगार भरघोस, खुर्ची मऊ, कॉफी फुकट, शिवाय बाबांच्या औषधपाण्याचा भारही कंपनीवरच. फक्त दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांशी गोड बोलायचं, आणि घरी बोलायला चिटपाखरू नाही. नाही म्हणायला बाबांचा फोन यायचा.

बाबा हाडाचे शिंपी, दुसऱ्या शहरात एकटेच राहायचे. "अगं, अक्षरं पुन्हा बारीक झाली," ही त्यांची ठरलेली सुरुवात. ती आपल्या संगणकावरून त्यांच्या फोनमध्ये शिरून अक्षरं मोठी करेपर्यंत ते आत्याचा गुडघा, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, कुणाच्या कोटाची बाही कशी फसली, सगळं सांगून मोकळे होत. एका रविवारी सकाळपासून हेच रडगाणं तिसऱ्यांदा आलं आणि तिचा पारा चढला. "बाबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला!" म्हणत तिने असा बंदोबस्त केला, की बाबांचं बोट कुठेही लागो, काही बिघडणार नाही. काम चोख झालं. बाबांचे फोन बंद झाले.

आधी बरं वाटलं. मग घर खायला उठलं. आपण होऊन फोन केला, तर "झकास चाललाय फोन," एवढंच बाबा म्हणाले. आपल्याला बापाशी बोलायला बिघाड लागतो, हे या शहाणीला तेव्हा कुठे कळलं. फार वाईट वाटलं तिला.

मग कंपनीच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत केलं असतं तर नोकरी गेली असती, असं काम तिने केलं. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप बाबांच्या फोनमध्ये शिरली, बंदोबस्त काढला, अक्षरं मुंगीएवढी केली आणि वाट बघत बसली. ताटातलं निवून गेलं. आठवडा उलटला तरी फोन नाही. जिवाला घोर लागला, तेव्हा तिनेच लावला.

"बाबा, अक्षरं दिसतात ना नीट?"

"मध्ये बारीक झाली होती की! समोरच्या मास्तरांनी चुटकीसरशी मोठी करून दिली. आता रोज येतात, गप्पा होतात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अगं, त्या दिवशी केवढी चिडलीस. म्हटलं, पोरीला आता त्रास द्यायचा नाही."

"द्या हो, बाबा. मी नाही चिडणार."

"बरं, बरं. थांब, मास्तर आले वाटतं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.