वेशीतला पहिला मान

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. माझं माहेर धुळ्याचं, भर गल्लीतलं. सासर पारोळ्यापासून दोन कोसांवरचं खेडं. नवरा अमळनेरला तेलाच्या गिरणीत कामाला होता आणि सुटीच्या दिवशी तेवढा घरी यायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. घरात सासरे आणि मी. सासऱ्यांना सगळा गाव नाना म्हणायचा. नाना दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सात बैलांशी. म्हणजे घरात बोलायला कोणी नव्हतं आणि भांडायलाही कोणी नव्हतं. माझ्यासारख्या बाईला दुसऱ्या गोष्टीची अडचण जास्त वाटायची.

वेळ जावा म्हणून मी परसात चार वाफे केले. एकात भरिताची वांगी, एकात मिरची, कडेने चवळी, आणि कुडाच्या भिंतीवर गिलक्याचा वेल. विहिरीचं पाणी कळशीने आणून घालायचे. शेतातलं सगळं नानांचं होतं, घरातलं सगळं सासूच्या हातचं होतं. एवढे चार वाफे मात्र माझे होते. नवऱ्याला मी आठवड्यातून एकदा ते हिंडवून दाखवायचे आणि तो गिरणीतल्या माणसाने पाहावं तसे पाहायचा.

शेजारच्या घरात अक्का राहायच्या. साठीच्या आसपासच्या, एकट्या. त्यांचे मालक मी आले त्याच सालच्या चैत्रात वारले होते. एक मुलगी, ती पारोळ्याला दिलेली. जमीन अर्धलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला लावली होती आणि त्या माणसाकडे स्वतःचे बैल होते, त्यामुळे अक्कांच्या दावणीला उरलेल्या एका म्हाताऱ्या बैलाला काही काम नव्हतं. त्याचा जोडीदार आधीच मेला होता. चाऱ्याची ओढ म्हणून अक्का त्याला सकाळी सोडून द्यायच्या. तो गावभर हिंडायचा, मिळेल तिथे तोंड घालायचा आणि दिवे लागायच्या सुमारास आपल्या पायांनी घरी यायचा. पांढरा, उंच, एक शिंग जरासं आत वळलेलं. जावयाने त्याला बाजारात काढा म्हणून दोनदा सांगितलं होतं. अक्का नाही म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारीची माया. कारण विचारायचं मला सुचलं नाही.

पहिल्यांदा त्याने चवळी खाल्ली. मी भिंतीवरून डोकावून अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुकं जनावर शे, माय. त्याले वावर कोनं नि वाफा कोना, काय समजस?" आणि संध्याकाळी वाटीभर विरजण पाठवलं. दुसऱ्यांदा त्याने गिलक्याचा वेल ओढून खाली आणला. मी बोरीच्या काट्या आणून कुडाला लावल्या, हात सोलून निघाले. नानांना म्हटलं, तुम्ही एकदा बोला. नाना म्हणाले, "शेजार शे." त्यांचं बोलणं तिथेच संपलं. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, भाजी काय, बाजारात मिळते. त्या आठवड्यात मी त्याला भाजीच केली नाही.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी विहिरीवर होते. येऊन पाहते तर काट्या बाजूला सारलेल्या आणि बैल वांग्यांच्या वाफ्यात मधोमध उभा. वांगी त्याने खाल्लीही नव्हती. नुसती तुडवली होती. गुडघ्याएवढी झालेली रोपं, पहिली फुलं धरलेली, चिखलात आडवी. माझा राग वडिलांवर गेलेला. डोक्यात गेला की पायात उतरल्याशिवाय राहत नाही. मी पदर खोचला, दाव्याचा दोर त्याच्या शिंगांना अडकवला आणि त्याला घेऊन थेट गावाबाहेर पंचायतीच्या कोंडवाड्याकडे निघाले. तो गरीब, कुठे नेते हे न विचारता मागून आला. वाटेत चार बायकांनी पाहिलं, मी मान वर करून चालले.

कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती, एक लाकडी फाटक आणि फाटकाला कुलूप. राखणदाराने बैल आत घेतला आणि विचारलं, "कोना शे हाऊ? नाव सांग, मी सांजले निरोप धाडस."

रीत तशी होती. जनावर कोंडलं की मालकाला त्याच संध्याकाळी निरोप जायचा, मालक येऊन दंड भरून सोडवून न्यायचा. राखणदार बाहेरगावचा, नवीन होता, त्याला बैल ओळखू आला नाही. मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मोकाट आहे." खोटं बोलले. एक रात्र म्हातारीला शोधू दे, म्हणजे समजेल, एवढाच माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी पोळा होता हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरात पुरणाची डाळ निवडून ठेवली होती. पण धुळ्याच्या आमच्या गल्लीत पोळा म्हणजे मातीचे बैल आणि पुरणपोळी. त्या सणाला घराची इज्जत बांधलेली असते हे मला कोण सांगणार?

पोळ्याच्या दिवशी सकाळी नवरा घरी आला होता. तो आणि नाना बैल धुवायला नदीवर गेले. मी पुरण वाटत बसले होते तेव्हा मागच्या आळीतल्या दोन बायका आल्या. एकीने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "बरं कयं, माय. धाकली दिखस, पन डोकं मोठं शे. आते पहिला मान तुमनाच."

मला कळेना. मग त्यांनीच हसत हसत उलगडून सांगितलं. पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून सगळ्या गावाचे बैल ओळीने जातात. पहिला मान अक्कांच्या घरचा. त्यांचे मालक गेले, मुलगा नाही, तरी गावाने ठरवलं होतं की दावणीला एक बैल आहे तोवर मान त्याच घराचा. ज्या वर्षी त्या घरचा बैल वेशीत आला नाही, त्या वर्षी मान पुढच्या घराकडे जाणार आणि मग परत फिरणार नाही. पुढचं घर आमचं होतं.

अक्का बैल का विकत नव्हत्या ते मला त्या क्षणी समजलं. पाट्यावरचं पुरण तसंच राहिलं. बायका माझं कौतुक करत होत्या आणि मला त्यांच्या तोंडात पाट्यावरचा वरवंटा घालावासा वाटत होता. खरं म्हणजे तो मी स्वतःच्या डोक्यात घालायला हवा होता.

नाना नदीवरून आल्यावर मी त्यांना गाठलं. पदर डोक्यावरून ओढून म्हटलं, नाना, अक्कांचा बैल सोडवायला हवा. ते बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "तू कोंडं. मी नही कोंडं." राखणदार सकाळच्या एस.टी.ने मुलीकडे भडगावला गेला होता, किल्ली त्याच्या कमरेला, हेही त्यांना माहीत होतं. म्हणजे त्यांनी चौकशी केली होती. पदरात पडलं पवित्र झालं, असा त्यांचा एकूण भाव. नवरा शेजारी गोंडे बांधत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा गोंडा घेतला.

मी अक्कांकडे गेले. त्या ओसरीवर बसल्या होत्या. समोर घडी उलगडलेली झूल, घुंगरमाळ, बाशिंग, वाटीत कालवलेला रंग. वर्षसुतक म्हणून घरात पुरण नव्हतं, चूलसुद्धा थंड होती, पण बैलाचं सगळं मांडून ठेवलेलं. मला पाहून म्हणाल्या, रात्रभर आला नाही, अशी पहिलीच वेळ. मग स्वतःच म्हणाल्या, "यी तो. सणना दिवस त्याले समजस."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. कोंडवाड्यात आहे, मी कोंडला, नाव सांगितलं नाही. त्या शिव्या देतील म्हणून मी वाट पाहत होते. माझ्या तोंडात उत्तरंही तयार होती, वांग्यांची. अक्का झुलीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कालपाईन तठे शे? त्याले पानी कोनी दिधं का?"

मी घरी जाऊन पुरणाचा वरवंटा उचलला, तसाच, डाळ लागलेला, आणि कोंडवाड्यावर गेले. पाच-सहा घावांत कुलूप तुटलं. भर दुपारी पंचायतीचं कुलूप फोडणारी सून गावात त्याआधी झाली नव्हती, पुढेही झाली नाही. बैल भिंतीच्या सावलीत बसला होता. हौदात पाणी नव्हतं. मी त्याला विहिरीवर नेलं, तो इतका वेळ प्यायला की मला रडू आलं. रडायलाही वेळ नव्हता, वेशीवर डफ वाजायला लागला होता.

ओसरीसमोर अक्कांनी त्याला घाईघाईने सजवलं. एका शिंगाला रंग लागला, दुसऱ्याला अर्धाच. बाशिंग मी बांधलं. मग आमच्या लक्षात आलं की बैल धरायला माणूस नाही. ऐनवेळी कोणाला तरी हाक मारू, असं अक्कांनी ठरवलं होतं. पण आता सगळे पुरुष आपापले बैल घेऊन वेशीवर पोचले होते. बाया वेशीत जात नसत, त्यातून अक्कांचं पहिलं वर्ष. आम्ही दोघी वेशीच्या अलीकडे पिंपळापर्यंत बैलाला घेऊन गेलो. तिथे अक्कांनी दोर त्याच्या पाठीवर टाकला आणि म्हणाल्या, "जाय. तुन्ही जागा तुले माहीत शे."

त्याला माहीत होतीच. दहा-बारा वर्षं तो तिथेच उभा राहिला होता. मागच्या बैलांतून, माणसांतून, कोणाला धक्का न लावता तो पुढे गेला. माणसं बाजूला झाली. नानांची जोडी तोरणाखाली सर्वांत पुढे उभी होती, एक दोर नानांच्या हातात, एक माझ्या नवऱ्याच्या. बैल त्यांच्याही पुढे गेला आणि आपल्या जागी जाऊन थांबला. डफ थांबला. मला वाटलं, झालं, मान राहिला. मी अक्कांचा हात धरला होता, तो त्यांनी दाबला.

नाना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाऊ बैल कोना शे? धरनारा कोन शे याना?"

नानांचं एवढं मोठं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. बैल कोणाचा हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. माझ्या नवऱ्याचा एक हात मोकळा होता. त्याने तो पाहिला आणि दुसऱ्या हातातल्या दोरावर ठेवला. मग कोणीतरी बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारून त्याला कडेला केलं. तोही निमूट सरकला. डफ पुन्हा सुरू झाला आणि आमची जोडी तोरणाखालून गेली.

नव्या कुलपाचे पैसे नानांनी पंचायतीत कुरकुर न करता भरले. बैल त्यानंतर कधी मोकळा सुटला नाही. अक्का डोक्यावर गवत आणून त्याला दावणीला घालायच्या. पुढच्या उन्हाळ्यात तो बसल्या जागी मेला. माझी वांगी त्या साली पुन्हा उभारली, भरपूर आली आणि भरिताला उत्तम होती. अक्का माझ्याशी शेवटपर्यंत भांडल्या नाहीत, विरजणाची वाटी भिंतीवरून येत राहिली. एकदा तरी त्या तोंड सोडून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता नाना नाहीत, नवराही नाही. वेशीतला पहिला मान अजून आमच्याच घराकडे आहे. नातू पाहुण्यांना सांगतो की हा मान पिढीजात आहे. मी त्याला दुरुस्त करत नाही. पोळ्याला डफ सुरू झाला की मी पिंपळापर्यंत जाऊन उभी राहते आणि तिथून तोरणापर्यंतचं अंतर पाहते. वीस पावलं आहेत, फार तर पंचवीस. सून होते, डोक्यावर पदर होता, समोर सासरा होता, हे सगळं खरं. पण त्याच दुपारी मी पंचायतीचं कुलूप फोडून आले होते. जाऊन तो दोर मला धरता आला असता. बैल अक्कांचा आहे, एवढं म्हणता आलं असतं. आदल्या दिवशी राखणदाराने विचारलं तेव्हाही तेवढंच म्हणायचं होतं.