अकरा मेडिकल आणि एक खरा अर्ज

व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या भिंतीवर एक फोटो दिसतो. त्यात आजीने लाल पट्ट्याचा गाऊन का घातलाय, असं तुम्ही दोघं आईला विचारत होता म्हणे. तो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातला फोटो आहे. मी तेव्हा विधी शाखेची अधिष्ठाता होते. म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लॉ कॉलेजांत काय शिकवायचं, परीक्षा कशा घ्यायच्या, कोणाला बसू द्यायचं, हे ठरवणाऱ्या मंडळाची प्रमुख. पदाचं नाव मोठं आहे. ते मला मिळण्याआधी काय झालं, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, कारण मीच ते कोणाला सांगितलेलं नाही.

माझी नोकरी साताऱ्यात सुरू झाली. मी स्वतः सगळा कायदा इंग्रजीत शिकले, पण वर्गात निम्मी मुलं कोरेगाव, माण, पाटणकडून एसटीने यायची, म्हणून निम्मं मराठीत शिकवायला शिकले. माझा विषय पुरावा कायदा. साक्षीदार खरं बोलतोय की नाही हे न्यायालय कसं ठरवतं, कोणता कागद मानायचा, कोणता नाही, हे मी अठरा वर्षं शिकवलं. शिकवायला मला मनापासून आवडायचं. मग सांगलीच्या एका कॉलेजात प्राचार्य म्हणून आले आणि शिकवणं आठवड्याला तीन तासांवर आलं. उरलेला वेळ फायली. मला फायलींचाही कंटाळा नव्हता. टेबलावर संध्याकाळी एकही कागद राहता कामा नये, असा माझा नियम होता आणि तो मी पाळायचे.

प्रत्येक सत्राच्या शेवटी हजेरीची यादी लागायची. ठरलेल्या हजेरीपेक्षा कमी भरली तर टर्म मिळत नाही, म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. थोडी कमी असेल तर प्राचार्यांना सवलत देता येई, पण आजारपण असेल तरच. त्यासाठी अर्जाचा एक छापील नमुना होता. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो मिळायचा. ‘मी ......... या आजारामुळे वर्गास उपस्थित राहू शकलो/शकले नाही.’ गाळलेली जागा भरायची, मागे डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं. त्याला सगळे नुसतं ‘मेडिकल’ म्हणायचे.

ही मेडिकल खरी नसत. हे मुलांना माहीत होतं, पालकांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तासगावकडची मुलं द्राक्षांच्या हंगामात बागेत असायची, इस्लामपूरची कारखान्याच्या निवडणुकीत, आणि काही नुसतीच गावभर फिरत असायची. मार्चमध्ये सगळ्यांना कावीळ व्हायची. सर्टिफिकेट देणारा डॉक्टर बहुधा एकच असायचा.

आमचे हेडक्लार्क मिरजेचे होते. सगळी मुलं त्यांना चाचा म्हणायची. गठ्ठा माझ्यासमोर ठेवताना ते चेहरा गंभीर ठेवून म्हणायचे, “मॅडम, आपल्या टाकीचं पाणी एकदा तपासून घ्यायला पाहिजे.”

मी हसायचे आणि सह्या करायचे. कागद नियमात बसत होता. आत काय आहे ते बघायचं काम डॉक्टरचं, असं मी स्वतःला समजावलेलं होतं.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या वर्गाचे बारा अर्ज आले. अकरांच्या मागे मेडिकल होतं. बारावा अर्ज एका मुलीचा होता. तिने छापलेला ‘आजारामुळे’ हा शब्द सरळ रेघ मारून खोडला होता आणि खाली बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘वडिलांना जीपने धडक दिल्याने त्यांचा पाय मोडला. घरात दुसरे चालणारे माणूस नसल्याने मी तीन आठवडे आईबरोबर मेंढरांमागे गेले. मी आजारी नव्हते.’

ती जत तालुक्यातली. तिचे लोक दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला, नदीकाठच्या पट्ट्यात उतरतात. शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, त्याने जमिनीला खत मिळतं, आणि पाऊस सुरू होताना परत फिरतात. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. सरकारी वसतिगृहात राहायची. टर्म गेली की वसतिगृहातली खोली जाते. खोली गेली की सांगलीत राहायला तिला दुसरी जागा नव्हती. त्या एका सहीवर तिचं वकील होणं अडलेलं होतं, आणि हे मला अर्ज वाचतानाच माहीत होतं.

मी चाचांना बोलावलं. त्यांनी आधीच प्रयत्न करून पाहिला होता.

“काल तासभर समजावलं मॅडम. म्हटलं, अगं पोरी, एक कागद आण की. डॉक्टर आपल्या ओळखीचे हायेत, मी फोन करतो. तर म्हणती, चाचा, मी रोज चार-पाच कोस चालत हुते, मला कावीळ झाली म्हणून कोण मानंल?”

“मग?”

“मग काय. लय हट्टी हाय. पण मॅडम, हट्ट खरा हाय.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. उन्हाने रापलेली, टाचा फुटलेल्या, हातात वह्यांची पिशवी. मी बस म्हटलं तरी बसली नाही. मी तिला नियम वाचून दाखवला. आजारपण लिहिलंय, घरची अडचण लिहिलेली नाही. एकाला दिलं तर उद्या द्राक्षं, परवा लग्नसराई, सगळ्यांनाच द्यावं लागेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, एक विचारू? बाकीच्या अकरांना तुम्ही सवलत देणार का?”

“त्यांच्या कागदावर डॉक्टरची सही आहे.”

“माझ्या कागदावर माझी हाय. ती चालत न्हाई?”

आवाजात उर्मटपणा नव्हता. वर्गात शंका विचारावी तसं तिने विचारलं. वर्गात मी अशा प्रश्नावर खूश झाले असते. त्या दिवशी म्हणाले, “अजून दोन दिवस आहेत. मेडिकल आण, मी लगेच सही करते.”

तिने वह्यांची पिशवी खांद्याला लावली. “न्हाई आणत,” म्हणाली आणि गेली.

एक वाट अजून होती, आणि ती मला ठाऊक होती. तिचा अर्ज माझ्या शिफारशीसह विद्यापीठाकडे पाठवता आला असता. अपवाद म्हणून तो मंजूरही झाला असता कदाचित. पण अर्ज एकटा जात नाही, सबंध वर्गाची यादी त्याबरोबर जाते. यादी बघून कोणीतरी विचारलंच असतं की एकाच डॉक्टरकडून एकाच महिन्यात अकरा काविळी कशा? चौकशी लागली असती. त्याच सुमारास अधिष्ठाता पदासाठी माझं नाव पुढे होतं. मुलाखतीला तीन आठवडे उरले होते. मी तुमच्यापाशी खोटं लिहिणार नाही. नियम मोडायची मला भीती वाटली, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आले. खरी भीती त्या चौकशीची होती.

अकरा अर्जांवर मी ‘मंजूर’ लिहिलं, बाराव्यावर ‘नामंजूर’. संध्याकाळी टेबल नेहमीसारखं रिकामं होतं.

जूनमध्ये नव्या वर्षाच्या प्रवेशाची यादी आली तेव्हा, ती पुन्हा आली असेल म्हणून, मी तिचं नाव शोधलं. चाचा समोर उभे होते. “नका बघू मॅडम,” ते म्हणाले. “ती आली न्हाई.” निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी आदराने वागले, पण पाण्याच्या टाकीचा विनोद त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

मी अधिष्ठाता झाले; प्राचार्यपदही माझ्याकडेच राहिलं. पहिल्याच वर्षी अर्जाचा नमुना बदलायचा प्रस्ताव मांडला. ‘आजारामुळे’ हा शब्द काढायचा, कारणाची जागा मोकळी ठेवायची, खरं आणि सबळ कोणतंही कारण विचारात घ्यायचं. मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “मॅडम, मग पोरं लिहितील, म्हैस व्यायली म्हणून आलो नाही!” सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडला, तिसऱ्या वर्षी मंजूर झाला. प्रस्तावामागचं कारण मी एकाही बैठकीत सांगितलं नाही. लोकांनी मात्र माझं कौतुक केलं.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला परत आले. मागच्या हिवाळ्यात चाचांना फोन करून तिचा ठावठिकाणा विचारला. त्यांच्याकडे तिचा नंबर होता. इतकी वर्षं होता. ती तेव्हा कराडच्या अलीकडे एका रानात उतरली होती, साताऱ्याहून तासाभराच्या वाटेवर. मी जीप करून गेले.

तिने मला लांबूनच ओळखलं. घोंगडी झटकून अंथरली, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. आता तिला दोन मुलं आहेत, ती गावी तिच्या सासूजवळ राहून शाळेत जातात. नवराही याच कामातला. मी तिला सगळं सांगितलं: अकरा कागद खोटे होते हे मला माहीत होतं, तुझा अर्ज वर पाठवता आला असता, आणि मी तो का पाठवला नाही.

“चाचांनी सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “तवाच.”

“मग तू मला काही बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तुमाला ठाऊकच हुतं की.”

चहा झाला. मला काहीतरी द्यायचं होतं, म्हणून मी घाईने म्हणाले, “आता नियम बदललाय. मी बदलून घेतला. खरं कारण लिहिलं तरी चालतं. तू पुन्हा प्रवेश घे, शेवटचं वर्षच राहिलंय. फॉर्मचं, कॉलेजचं मी बघते.”

तिने मान वर केली. त्या क्षणी तिला ते हवं होतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

“सवलत किती दिवसांची असती मॅडम?”

“सत्रात दोन आठवडे. फार तर तीन.”

“आमी सहा-सात महिनं भाईर असतो.”

तीन वर्षं मी त्या एका शब्दाच्या मागे होते. दिवस किती, हे मी एकदाही मोजलं नव्हतं. खरं कारण लिहायची मुभा मी मिळवली होती. ज्यांच्यासाठी मिळवली म्हणून मनात धरून होते, त्यांना ती पुरतच नव्हती.

ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. “तेवढे दिवस या नियमात बसत नाहीत,” मी तिला सांगितलं.

“आसू द्या,” ती म्हणाली. पदर खोचला, काठी उचलली. उन्हं कलायच्या आत मेंढरं पलीकडच्या रानात न्यायची होती. जाताना वळून म्हणाली, “जेवून जावा. आई संगंच हाय, भाकरी करती.”

मी जेवून आले.