बाबांचा डावा पाय

अकोट रस्त्यावरचे ते मेकॅनिक बॉनेट लगेच उघडत नाहीत. आधी शेजारच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "चालवा."

आमची जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना हिसके द्यायची. आधीच्या दोन मेकॅनिकांनी सरळ गिअरबॉक्स बदला म्हणून सांगितलं होतं. यांनी गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगलं. जळकट वास होता. मग बाबांशेजारी बसून त्यांनी डोळे मिटले. मी मागे होतो. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या बाबांचा डावा पाय सवयीने या गाडीत नसलेला क्लच शोधायचा आणि उजवा ॲक्सिलरेटरवर असतानाच ब्रेकवर पडायचा. मला ते वाकून पाहिल्यावर दिसलं, यांना न बघता कळलं.

आता हे बाबांना सुनावणार, म्हणून मी अवघडलो.

"काकाजी, गाडी म्हातारी झाली," ते म्हणाले. "तेल बदलून देतो, पण तिले आता दोन पाय सोसत नाहीत. बैलबंडीत बसता तसा डावा पाय मांडीखाली घेत जा."

बाबा आता तसेच बसतात. हिसके थांबले.

पुढे एकदा मी त्या मेकॅनिकना विचारलं, "चूक बाबांचीच होती ना?"

"होती ना, भाऊ," हात पुसत ते म्हणाले. "पण गाडीवर ढकललं त तिले थोडीच वाईट वाटते!"