सोमवारी मी बोलत नाही

"तुला इतके किस्से सुचतात कुठून?" असं मला माझी पैठणची बहीण फोनवर विचारते. सुचत नाहीत गं बाई, साठतात! आठवड्यातला एक दिवस तोंड बंद ठेवून बघ. ज्या दिवशी बोलायचं नसतं, नेमकं त्याच दिवशी सांगण्यासारखं सगळं घडतं, आणि दिवेलागणीपर्यंत पोटात इतकं साठतं की वात लावता लावताच तोंड सुरू होतं.

नवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून बोलले होते. यांना दम्याचा मोठा झटका आलेला. आत हे, नाकाला नळी, बाहेर मी. सोन्याचं काही वाहायची आपली ऐपत नाही. उपास म्हणाल तर आठवड्यातले चार मी आधीच धरते. मग महादेवाला द्यायला उरलं काय? विचार करता करता लक्षात आलं, आपल्याकडं एकच गोष्ट भरपूर आहे! हात जोडून म्हटलं, "देवा, यांचा श्वास मोकळा कर. चातुर्मासातले सगळे सोमवार मी दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलणार नाही."

यांना उतार पडला. घरी आल्यावर सासूबाईंच्या पाया पडून नवसाचं सांगितलं. त्या कधी नव्हे त्या गहिवरल्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लई मोठा नवस बोललीस गं. लग्नाच्या साली का नाही सुचला तुला?"

*

डॉक्टर म्हणाले, शहराची धूळ सोडा. यांच्या एका मित्राचं घर रिकामं होतं. संभाजीनगरहून खुलताबादच्या पुढं घाट चढून गेलं, की डोंगरमाथ्यावर एक तळं आहे, त्या तळ्याकाठी. मित्रानं किल्ली देताना छाती फुगवून सांगितलं, "वहिनी, एकदम शांतता! महिनोन्‌महिने माणूस दिसत नाही!"

मी गारखेड्यातल्या गल्लीत तीस वर्षं काढलेली बाई. कढीपत्ता मागायला निघाले तरी दीड तासानं परतायची. मला माणूस दिसत नाही हे सुख म्हणून सांगत होता हा गृहस्थ!

आठवडाभरात माझं तोंड बघून हेच म्हणाले, "हे बघ, कार्तिकीपर्यंत राहू. तुझं मन नाही रमलं तर परत खाली जाऊ." हे वाक्य यांनी तळ्याचा चढ चढता चढता म्हटलं, आणि एकदाही धाप लागली नाही. म्हणजे मी रमले नाही, तर यांची छाती पुन्हा त्या धुळीत जाणार. आजवर मैत्रिणी करणं हा माझा छंद होता. आता ते औषधपाण्यात जमा झालं!

*

लागले कामाला. बेसनाचे लाडू केले, डबा घेऊन शेजारपाजार करायला निघाले. तळ्याकाठी अकरा बंगले. नावं बघा: 'एकांत', 'निवांत', 'विसावा', 'मनःशांती'. अकराही दारांना कुलपं. मालक मंडळी शहरातली, रविवारची.

शेवटी सगळ्यांचा मिळून एकच वॉचमन सापडला, भागुजी. म्हणाला, "द्या की वहिनी. हितं समद्यांची पत्रं मीच घेतो, लाडू बी मीच घेतो." अकरा घरांचे बावीस लाडू त्यानं एकट्यानं स्वीकारले. वर निरोप दिला, "निवांतवाल्यांना तूप जरा जास्त लागतं."

रविवारी 'एकांत'ची मालकीण आली. सोबत वीस माणसं आणि कपाटाएवढा स्पीकर. खिडकीची तावदानं थरथरत होती. मला कुंपणावरून ओरडून म्हणाली, "काकू, आम्ही इथं फक्त सायलेन्ससाठी येतो!"

*

आषाढी झाली, आणि पहिला सोमवार उजाडला. नेमकी त्याच दिवशी, इथं आल्यापासून पहिल्यांदा, जवळच्या गावातली एक बाई आपणहून माझ्या फाटकाशी आली. सखूबाई. शेळ्या राखणारी, साठीची, हातात काठी. "काय माय, नव्यानं आल्या काय?"

आता काय करावं? मी तोंडाकडं बोट दाखवलं, मग वर आभाळाकडं, मग कपाळावर तीन बोटं ओढून महादेव दाखवला. माझ्या मते इतकं स्पष्ट कोणी सांगितलंच नसतं.

"आरारा! देवानं वाचा नेली व्हय!"

मी जोरजोरात मान हलवली. तिला ती होकारार्थी वाटली. मग ती ओट्यावर टेकली आणि सुरू झाली. सून, सुनेची आई, सुनेचा मोबाईल, मुलानं बायकोला गुपचूप आणलेली साडी, आणि त्या साडीवर सखूबाईच्या हातून 'चुकून' सांडलेलं रॉकेल. तीन तास! शेळ्यांनी माझी तुळस सोडून सगळी बाग खाल्ली.

मंगळवारी ती फाटकावरून जाताना दिसली. मी उत्साहानं हाक मारली, "सखूबाई, या ना, चहा घ्या!"

ती जागच्या जागी थिजली. काठी हातातून पडली. "बोलतीस व्हय गं तू?"

"हो, काल माझं मौन होतं."

तिचा चेहरा पांढराफटक. "म्हंजी... ऐकायला बी येतं?"

*

आठवडाभर सखूबाईनं शेळ्या तळ्याच्या पलीकडून नेल्या. माझी एकुलती एक ओळख, तीही गेली! पण पुढच्या सोमवारी अकरा वाजता फाटक वाजलं. "आज सोमवार हाय ना? नक्की?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "मंग सरक जरा," म्हणाली आणि ओट्यावर बसली. सुनेचा दुसरा अध्याय सुरू.

*

एका सोमवारी यांना तपासणीसाठी खाली न्यायचं होतं. एसटीत उभी होते. कोणीतरी काही विचारलं, मी खूण केली. झालं! एक दाढीवाले चाचा उठून उभे राहिले आणि सगळ्या बसला दरडावलं, "अरे बहेन बोल नहीं सकतीं, जगा देव उनको!" तीन माणसं एकदम उठली. वीस वर्षं त्या बसनं बोलत गेले असते तर एक सीट मिळाली नसती.

मग अख्खी बस माझ्या इलाजाला लागली. कोणी वेखंड सांगितलं, कोणी वैजापूरकडचा वैद्य. वेरूळच्या फाट्यावर उतरणाऱ्या एका म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "घृष्णेश्वराला नवस बोल माय. वाचा येती!"

हे खिडकीबाहेर तोंड करून खांदे हलवत होते. मला वाटलं, दमा उठला. हसत होते!

*

गावात देवीच्या देवळात भजनी मंडळ आहे. मंडळ एक, पण गट दोन. शेवंताबाईंचं म्हणणं, आरती आधी. मंगलकाकूंचं म्हणणं, भजन आधी. या वादामुळं मंडळाला तीन वर्षं अध्यक्ष नव्हता, आणि बहुतेक वेळा भजनही नव्हतं.

बैठक सोमवारी ठेवली होती, मीही जाऊन बसले. शेवंताबाईंनी मला बाजूला घेऊन आपली बाजू पटवली. मी ऐकतेय हे कळावं म्हणून मान हलवत राहिले. मग मंगलकाकूंनी दुसऱ्या बाजूला नेलं. तिथंही मान हलवली. दोघींनीही उठून एकाच वेळी माझं नाव सुचवलं! "बाईंचं समद्यांशी पटतं!" बिनविरोध निवड. स्वतः अध्यक्षांनाही विरोध नोंदवता आला नाही, कारण दिवेलागणीला अजून अर्धा तास होता.

मंगळवारी मी पहिल्यांदा तोंड उघडलं, "मला वाटतं, एक दिवस आरती आधी, एक दिवस भजन—"

"अध्यक्षांनी," शेवंताबाई आणि मंगलकाकू तीन वर्षांत पहिल्यांदा एका सुरात म्हणाल्या, "मधे मधे बोलू नये!"

*

घरातलं एक सांगते, पण यांना कळू देऊ नका. एका सोमवारी हे चष्म्यावरून माझ्याशी भांडले. चष्मा मी कुठं ठेवला, असं. मी गप्प. हे म्हणाले, मीच नेहमी वस्तू हलवते. मी गप्प. मग म्हणाले, निदान चेहरा तरी असा करू नकोस. मग म्हणाले, ठीक आहे, कदाचित न्हाणीघरात राहिला असेल. जाऊन आले, चष्मा घालून. "बरं, तुझंच खरं."

तीस वर्षं मी उगाच बोलण्यात घालवली!

*

यांची छाती तपासायला उपकेंद्रातली नर्स येते, नलूताई. ती बौद्ध. नवस-सायास तिला अजिबात पटत नाहीत आणि ती तसं तोंडावर सांगते. माझ्या नवसाचं यांनी कौतुकानं सांगितलं, तर बोटाला क्लिप लावता लावता म्हणाली, "दिवेलागणीपर्यंतच? आम्ही विपश्यनेला बसतो ना, तेव्हा दहा दिवस. खाणाखुणा पण नाहीत. आणि बदल्यात काही मागत पण नाही, ताई."

माझा नवस मला एकदम भाजीबाजारात घासाघीस करून आणल्यासारखा वाटायला लागला.

जाताना ती दारात घुटमळली. "सोमवारी दुपारी असता ना घरी? दिवसभर लोक मला त्यांची दुखणी सांगतात हो. माझं ऐकायला कोण आहे?"

आली. दहा दिवस गप्प बसू शकणारी ती बाई दोन वाजता बसली आणि साडेपाचला उठली. मला एकदा खोकला आला, तर म्हणाली, "श्श! ऐका ना!"

*

म्हणजे बघा, चार महिन्यांत माझा ओटा गजबजला. मला प्रत्येक घरातलं सगळं माहीत झालं. रॉकेलच्या साडीपासून नलूताईच्या मोडलेल्या लग्नापर्यंत. पण गावात मला काय म्हणत? 'सोमवारवाली'. माझं नाव कोणी विचारलंच नव्हतं! मी तरी कसं सांगणार? सोमवारी मी मुकी, आणि इतर दिवशी त्यांना कामं.

मला नवसाचं वाईट वाटलं नाही. देवानं यांचा श्वास दिला होता. गप्पांची हमी त्यानं कुठं दिली होती? पण कार्तिकी झाली, दिवा लावून मी देवापुढं नवस फेडला, आणि हे हळूच म्हणाले, "मग? काय ठरवलंस? सोमवारपर्यंत सांग. टेम्पोवाला विचारतोय." मी म्हटलं, "बघू."

*

तो सोमवार. नवस संपल्यानंतरचा पहिला.

अकराला सखूबाई आली, ओट्यावर टेकली, सुरू झाली. सून आता वेगळी चूल मागत होती. मी म्हटलं, "द्या की वेगळी चूल. तुम्हालाही निवांत होईल."

ती दचकली. "आगं? फिटला व्हय नवस?"

"फिटला."

सखूबाई बराच वेळ काठीनं जमीन टोकरत राहिली. मग अगदी आशेनं विचारलं, "वाढवून नाय का मिळत?"

मला हसू आलं, आणि हसता हसताच नको ते तोंडातून गेलं. "वाढवून काय करू सखूबाई? आमचं इथं राहायचंच ठरेना. यांना मानवतंय, पण मला इथं माझं असं कोण आहे?"

ती लगेच उठली, शेळ्यांना हाकारलं आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, झालं! चार महिने गप्प राहून जोडलेलं चार वाक्यांत मोडलं.

तासाभरानं फाटक वाजलं. पुढं सखूबाई, शेळ्यांशिवाय. मागं उपकेंद्राच्या पांढऱ्या कोटात नलूताई. तिच्या मागं शेवंताबाई आणि मंगलकाकू. त्या दोघींनी मिळून एक सतरंजी धरलेली, दोन टोकांना दोघी. सतरंजी अंथरली. चौघी बसल्या. मला समोर पायरीवर बसवलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

सखूबाई म्हणाली, "आज आमचा सोमवार. तू बोल." आणि पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तेवढं केल्याशिवाय तिला गप्प बसणं जमलंच नसतं.

चौघी माझ्याकडं बघत बसल्या. आणि मला, अहो मला, शब्द सापडेना! आधी नाव सांगितलं. मग गारखेड्याची गल्ली सांगितली. मग कढीपत्ता. आणि मग, कसं कोण जाणे, दवाखान्याचा तो बाक. आजही सकाळी डोळे उघडण्याआधी मी यांचा श्वास ऐकते, तो ऐकू आला की मगच डोळे उघडते. हे मी यांनाही कधी सांगितलं नव्हतं. सखूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पदराचा बोळा जागचा हलला नाही. मंगलकाकूंनी शेवंताबाईंचा हात धरला होता.

तेवढ्यात हे फाटकातून आले, हातात फोन. "अगं, टेम्पोवाल्याला काय सांगू? येऊ दे का नको?"

चौघींनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. "श्श!"

यांनी फोन बंद केला, चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला मुकाट्यानं बसले.

दिवेलागणीपर्यंत मी बोलत होते.

तुमच्याही गल्लीत, सोसायटीत, कोपऱ्यावरच्या घरात कोणी नव्यानं राहायला आलं असेल. एवढं माझं ऐका. एक सोमवार काढा, लाडू-बिडू काही नेऊ नका, तिच्या दारात जाऊन बसा. आणि हात जोडून सांगते, गप्प बसा.